अर्धी उरलेली तार

घर,
९ जानेवारी

टकळे,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे तीन शब्द टाइपवालीने आपल्या मनाने घातलेत. मी म्हटलं, आशीर्वाद मी तोंडाने देते, त्याला शाई कशाला? तर म्हणाली, पत्राला सुरुवात लागते. जन्मभर कचेरीत दुसऱ्यांची पत्रं बडवली बाईने, आता निवृत्त होऊन शेजारी बसलीय ती माझ्यावर साहेबगिरी करायला. मला अक्षर येत नाही याचा इतका फायदा दुसऱ्या कोणी घेतला नसेल.

फोन का केला नाहीस म्हणून विचारू नकोस. फोनवर तू विचारतेस "बरी आहेस ना", मी म्हणते "बरी आहे", की तू "ठेवू का?" म्हणतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर लिहायचं कारण, तुझं ते धूड बिघडलंय. गेल्या वर्षी तुझ्या कंपनीने टाकून दिलेला तो ॲम्प्लिफायर तू दोन हमालांकडून चार जिने चढवून आणलास. हमाल मला विचारत होते, आजी, यात आहे काय? मी म्हटलं, माझा रेडिओ. ते बराच वेळ हसले नाहीत. हजार माणसांना ऐकवणारं यंत्र, आणि ऐकणारी मी एकटी, तीही भाजी निवडताना.

इतके दिवस शहाण्यासारखं चाललं. बटण दाबलं की आधी गप्प, मग आतून टक् आवाज, मग बोलायला सुरुवात. हल्ली मात्र थोडा वेळ बोलतं आणि भर कार्यक्रमात तोंड मिटतं. पुढ्यात एक लाल दिवा लागतो. रेडिओ लावला तरी तेच, तू भरून दिलेली कॅसेट लावली तरी तेच. मी दोन चापट्या मारून पाहिल्या. बंद केलं, चालू केलं, बंद केलं, चालू केलं. ढिम्म. मग मी नाद सोडून कणीक मळायला घेतली की आपलं आपण टक् करून बोलायला लागतं, जसं काही झालंच नाही. तुझे आजोबा असेच होते, पण त्यांना लाल दिवा नव्हता.

काय करू ते कळव. जेवतेस का? हे टाइपवालीने विचारलंय. मला माहीत आहे, नाही जेवत.

आजी


मुक्काम कामावर,
१८ जानेवारी

प्रिय आजी,

चापट्या मारू नकोस. आणि बंद-चालू तर मुळीच करू नकोस. तो बिघडलेला नाही. तो स्वतःला वाचवतोय.

ॲम्प्लिफायर फार तापला की आपणहून स्पीकरशी संबंध तोडतो, लाल दिवा लावतो आणि थंड होईपर्यंत गप्प बसतो. थंड झाला की पुन्हा जोडून घेतो. तू जितकं त्याला डिवचशील तितका त्याला निवायला वेळ लागेल. कणीक मळलीस ते बरोबर केलंस.

आता मला तीन गोष्टी सांग. त्याच्यावर काही झाकलंयस का? मागचा पंखा फिरतो का? आणि मी एक स्पीकर जोडून गेले होते, त्याला आणखी काही जोडलंय का?

मी बरी आहे. दुपारची वेळ आहे, सभागृह रिकामं आहे, सफाईवाले खुर्च्यांमधून फिरतायत. मी रंगमंचामागे, काळ्या पडद्याआड. माझ्यापुढे ॲम्प्लिफायरची मांडणी आहे, माझ्या उंचीपेक्षा उंच. कार्यक्रम चालू असताना मी इथेच बसते. गाणारा दिसत नाही, ऐकणारे दिसत नाहीत. हिरवे दिवे दिसतात. एखादा लाल झाला तर धावायचं, नाहीतर बसायचं. टाळ्या भिंतीपलीकडून येतात, शेजारच्या घरी पाहुणे आल्यासारख्या.

एक सांगायचं होतं. कंपनी दोन वर्षांच्या दौऱ्यावर निघालीय, समुद्रापलीकडे. मुख्य तंत्रज्ञ म्हणून मला विचारलंय. दहा मार्चपर्यंत सही करायची. मध्ये येता येणार नाही. तुझ्याभोवती माणसं आहेत, खाली शिंपी आहे, वर घड्याळजी आहेत, म्हणून विचार तरी करू शकते. तू एकटी असतीस तर विचारही केला नसता. तुला काय वाटतं?

तुझी टकळी


घर,
२७ जानेवारी

टकळे,

झाकलं होतं. पण नुसतं झाकलं नव्हतं, लोकरीचा अंगरखा विणला होता त्याला, मागे गुंड्या लावून. धूळ बसू नये म्हणून. टाइपवाली म्हणाली होती, किती छान दिसतंय. आता पत्रात तोंड लपवतेय. अंगरखा काढला. मागचा पंखा इतका जोरात फुंकतो की मी त्याच्यासमोर पायमोजे वाळत घातले होते, तेही काढले.

त्याने फरक पडला. आता लवकर बंद पडत नाही, उशिरा पडतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, होय, जोडलंय. शिंप्याने आपला डबा आणून जोडला. तो म्हणतो, शिवताना कानाला काहीतरी लागतं. मग घड्याळजींना राहवेना, त्यांचाही जोडला. मग गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आम्ही काय पाप केलंय? त्यांच्याकडे तर जोडी. मागे लाल आणि काळा असे दोन खिळे आहेत ना, त्यांनाच सगळ्यांच्या तारा गुंडाळल्यात. आता सकाळी मी बातम्या लावल्या की सगळ्या इमारतीला बातम्या. शिंपी हवामान ऐकून कपडे शिवायला घेतो. रेडिओवर वेळ सांगतात तेव्हा घड्याळजी सगळी घड्याळं मिळवतात, आणि एक तरी मागेच राहतं. संध्याकाळी जिन्यात इतकी वर्दळ असते की मला दार लावून घ्यावं लागतं. उसंत म्हणून नाही.

(इथे मी लिहायची थांबले होते. "लिही," म्हणाल्या. लिहिलं. — लिहिणारी)

तेव्हा तू माझी काळजी करून ते मोठं काम सोडू नकोस. दोन वर्षं म्हणजे काय, तुला चालायला शिकायला जवळजवळ तेवढीच लागली होती, इतकी आळशी होतीस. बोलायला मात्र लवकर लागलीस. समुद्रापलीकडच्यांना पण कळू दे, टकळी कशाला म्हणतात.

आजी


मुक्काम कामावर,
६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

पत्र वाचून मी पडद्याआड एकटीच हसले. समोर लाइटवाला होता, त्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही. इथे आमचं बोलणं एवढंच.

आता तुझा रोग कळला. नीट ऐक. म्हणजे ऐकव, बाई.

प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर एक आकडा असतो. घरातल्या डब्यांवर बहुधा आठ ओहम. तो स्पीकर विजेला किती अडवतो, त्याचा तो आकडा. एक स्पीकर असला की अडवणूक आठची. त्याच खिळ्यांना दुसरा जोडला की विजेला दोन वाटा मिळतात, अडवणूक अर्धी होते, चारची. पाच जोडलेस की दीडच्या जरा वर उरते. आणि अडवणूक जितकी कमी, तितकी वीज ॲम्पमधून जास्त ओढली जाते. स्पीकर ओढत राहतात, तो देत राहतो. तुझा ॲम्प चारपर्यंत सुखाने चालतो, दोनपर्यंत कुरकुरत चालतो. त्याखाली गेलं की पंखा किंचाळायला लागतो, आणि जळायच्या आधी आतली कळ पडते. तेच तुझं टक्. चालू करताना आधी थोडा गप्प असतो तेही त्याचसाठी. आपलं घर ठीक आहे ना हे बघून मगच तो स्पीकरला दार उघडतो.

उपाय सोपा आहे. मागे खिळ्यांच्या दोन जोड्या आहेत, डावी आणि उजवी. तुम्ही सगळे एकाच जोडीला लटकलात. तीन डबे डावीकडे, दोन उजवीकडे जोडा. शेजारी एक छोटी कळ आहे, ती खाली केली की दोन्हीकडे एकच आवाज येईल. करताना यंत्र बंद असू दे, आणि लाल तारेचा केस काळ्या तारेला लागू देऊ नका.

आणि तार कुठली वापरलीत, किती लागली, ते कळव. खाली शिंप्यापर्यंत म्हणजे बरीच लांब जाणार. बारीक तार लांब गेली की तीच वीज खाते आणि तापते, जिन्यात कोणाचा हात लागायला नको.

खरं सांगू, मला हेवा वाटला. मी हजारोंना ऐकवते आणि तू एका इमारतीला, पण तुझं कोण ऐकतंय ते तुला माहीत आहे. तुझ्या घरातून जिन्यातून तारा निघाल्यात आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक माणूस बसलंय, हे डोळ्यांपुढे आणून मी गेले चार दिवस झोपतेय. आता सही करायला हरकत नाही असं वाटतंय.

तुझी टकळी


घर,
१५ फेब्रुवारी

टकळे,

जमलं. टाइपवालीने भाजीच्या सुरीने तारा सोलल्या, मी चष्मा नसताना देखरेख केली. तीन इकडे, दोन तिकडे. कळ खाली. बटण दाबलं, आम्ही दोघी श्वास धरून. टक्. तेव्हापासून एकदाही रुसलेलं नाही. पंखा इतका हळू फिरतो की पायमोजे पुन्हा घालावेत असं मनात आलं होतं. घातले नाहीत.

तुझं ते अडवणुकीचं मला पटकन कळलं. टाइपवालीला दोनदा वाचावं लागलं. घरात करणारी एक, आणि मागणारे पाच, आणि मध्ये हात धरणारं कोणी नाही. मग बाई आडवी झाली की सगळे विचारतात, हिला झालं तरी काय. मला कोणी हे ओहम शिकवायला नको.

तार किती लागली विचारतेस. तुला काय वाटलं, मी उधळी आहे? एक पैशाची विकत आणलेली नाही. तू जाताना ठेवलेली ती गुंडाळी होती ना, पांढरी, दाराच्या मागे खुंटीला? त्यातच पाचही डबे झाले. आणि अर्धी अजून खुंटीवर आहे. पुढच्या वेळी तू येशील तेव्हा मोजून घे.

(इथे मी म्हटलं, तारेचं राहू द्या. म्हणाल्या, लिही, पोरीला काटकसर कळू दे. — लिहिणारी)

सही केलीस का? केली नसशील तर कर. लोकरीचा अंगरखा उसवून तुझ्यासाठी कानटोपी विणतेय. समुद्रावर वारा असतो म्हणतात. गुंड्या आहेत, पण त्या कानटोपीला कुठे लावायच्या ते अजून सुचलेलं नाही.

आजी


मुक्काम कामावर,
२२ फेब्रुवारी

आजी,

ती गुंडाळी मी विकत घेतली होती. रेडिओच्या कपाटापासून तुझ्या पलंगापर्यंत न्यायला, आणि थोडी जास्तीची. अख्खी उलगडली तर सगळ्या घराच्या भिंतींना एकदा वळसा घालून संपेल.

अर्धी उरली असेल तर शिंप्यापर्यंत तार गेलेली नाही. घड्याळजींपर्यंत गेलेली नाही. आपल्या उंबऱ्याबाहेरसुद्धा गेलेली नाही.

मला हे आधीच कळायला हवं होतं. माझं कामच ते आहे. एवढ्या बारीक तारा जिन्यातून वरखाली गेल्या असत्या तर तारांनीच बरीच अडवणूक केली असती, आणि यंत्राने कुरकुर केली असती पण इतक्यांदा तोंड मिटलं नसतं. ते मिटत होतं म्हणजे पाचही डबे त्याच्या अगदी जवळ होते. यंत्र पहिल्या पत्रापासून खरं सांगत होतं. मी तुझ्या जिन्यातली वर्दळ ऐकत बसले.

पाचही डबे तुझ्याच घरात आहेत. ते ज्यांचे होते ती माणसं कुठे आहेत?

मीही सगळं खरं लिहिलं नव्हतं. मी बरी नाही. आजारी नाही, पण कोणी हाक मारली तर वळून बघायला मला वेळ लागतो. परवा दिवसभरात मी एकच वाक्य बोलले, "लाइन ठीक आहे," आणि तेही मायक्रोफोनला. टकळी म्हणतेस, इथे मला सगळे "मुकी" म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. सही केलेली नाही.

खरं लिही. बाई, तुम्हीही खरंच लिहा.


घर,
२ मार्च

टकळे,

काटकसरीने घात केला. आयुष्यात एकदाच बढाई मारली ती तारेची.

तर ऐक. शिंपी गेल्या पावसाळ्यातच गेला, भावाकडे. हात कापायला लागले, सुईत दोरा जाईना. घड्याळजींना जिने होईनात, त्यांनी तळमजल्यावर कुठेतरी खोली घेतली. कुठे ते मला सांगितलं होतं, मी विसरले. गाणेबाई लेकीकडे. प्रत्येक जण जाताना दारात आला, डबा हातात. "आजी, नव्या घरी जागा नाही. तुमच्याकडे यंत्र आहे, तुम्हाला उपयोग होईल." मी म्हटलं, ठेवा तिथे. बरेच दिवस ते दारामागे एका ओळीत होते, पाहुण्यांच्या चपलांसारखे. आत पाहुणे नाहीत. मग एक दिवस मी टाइपवालीला म्हटलं, जोडून तर बघू.

आता शिंप्याचा स्वयंपाकघरात आहे. त्याच्यात एक बारीक गुणगुण आहे, मशीन लांबून चालल्यासारखी, त्यामुळे तोच मला आवडतो. घड्याळजींचा पलंगाशी. गाणेबाईंची जोडी बाहेरच्या खोलीत, आणि तुझा मधल्या दारात. मी या खोलीतून त्या खोलीत गेले की आवाज माझ्याआधी तिथे पोचलेला असतो. बस, एवढंच. कोणीतरी आधीच घरात आहे असं वाटतं. यात वाईट काय आहे? आवाजाने तू हजारोंना फसवतेस, मी एकीला, स्वतःलाच.

तुला खोटं लिहिलं ते मुद्दाम. तू लिहिलं होतंस, एकटी असतीस तर विचारही केला नसता म्हणून. म्हणजे एकटेपणाचा धोंडा माझ्या गळ्यात, आणि त्या धोंड्याला तू बांधलेली. मला ते नको होतं. अजूनही नको आहे. दहा तारखेच्या आत सही कर.

आणखी एक. ही टाइपवालीसुद्धा महिनाअखेरीला मुलाकडे चाललीय. मजल्यावर शेवटची हीच होती. आत्ता मान खाली घालून लिहितेय, नाक ओढतेय, शाई फिसकटलीय ती तिच्यामुळे, माझ्यामुळे नव्हे. म्हणजे यानंतर माझं पत्र येणार नाही. फोन असेल, पण फोनवर मी काय बोलते ते तुला माहीत आहे. पत्र आलं नाही की समज, म्हातारी ठणठणीत आहे, फक्त हात नाहीत.

तू मुकी झालीस ते मला आवडलं नाही. पण त्यावर मी उपदेश करणार नाही. तूच सांगितलंस, चापट्या मारायच्या नाहीत.

आजी

ताजा कलम. हे त्यांनी सांगितलेलं नाही, त्या दूध तापवायला गेल्यात. खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. यंत्र बसवलं त्या दिवशी तुम्ही चाचणीसाठी कॅसेटवर बोलला होतात, "एक, दोन, एक, दोन, आजी, ऐकू येतंय का?" आजी ती लावतात. पाचही डब्यांतून तुम्ही विचारता. त्या असतील त्या खोलीतून "येतंय गं" म्हणतात. मग मागे नेऊन पुन्हा लावतात. रेडिओपेक्षा तीच जास्त वाजते. यंत्र तापायचं ते त्यामुळेही असेल. मला त्यातलं कळत नाही.

लिहिणारी


घर,
२० एप्रिल

टाइपवाले,

आशीर्वाद घातलेला नाही, कारण या वेळी लिहिणारी माझं ऐकते. अक्षर कोणाचं ते तू पाकिटावरच ओळखलं असशील. तुझ्यासारखं टपोरं नाही. मुंग्या चालल्यासारखं आहे, आणि सगळ्या मुंग्या डावीकडे कलल्यात.

तुझं पत्र पोरीने मला वाचून दाखवलं. मुलाच्या घरी सगळं आहे, लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, आणि जेवायला बसतानासुद्धा प्रत्येकाच्या कानात आपापली गाणी ऐकायची बोंडं आहेत, तू काही बोललीस की एक जण बोंड काढतो, "काय?" म्हणतो, आणि तू "काही नाही" म्हणतेस. मी हसले. मग पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा नाही हसले.

पोरीने सही केली नाही. दुसरा कोणी गेला. मी तिच्यावर दोन दिवस रागावले होते, ठरवून. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. आता ती इथल्याच एका लहान सभागृहात जाते. दोनच यंत्रं आहेत म्हणे, त्यातलं एक खोकतं. मोठं काम गेलं असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. ते आमच्या दोघींच्या मध्ये बसलेलं असतं, जेवताना थोडं सरकून घेतो.

पण तुझ्या डोळ्यांपुढे भरलेलं घर येऊ देऊ नकोस. एकदा ही चूक पत्रातून झालीय. पोर आली ती गप्पच आली. कामावरून येते, खिडकीपाशी बसते, चहा निवतो. तू तिला लहानपणी ओळखत असतीस तर म्हणाली असतीस, ही ती नव्हेच. पहिल्या आठवड्यात माझा हात शिवशिवत होता, दोन शब्द ऐकवावेत म्हणून. मग लोकर घेतली आणि विणत बसले. मधूनच, मी काही विचारलेलं नसताना, ती बोलायला लागते. परवा भांडी पुसताना एकदम जुन्या कामावरच्या लाइटवाल्याची नक्कल केली. मी मान वर केली नाही, सुईवरची घरं मोजत राहिले. मान वर केली असती तर बंद पडली असती.

डब्यांचं सांगते. तिने आल्या आल्या घड्याळजींचा आणि गाणेबाईंची जोडी काढून ठेवली. म्हणाली, आजी, यंत्राला आता दोन पुरेत. घड्याळजींचा पत्ता ती शोधतेय. गाणेबाईंच्या जोडीतला एक डबा तुझ्याकडे येतोय, जोडी फोडल्याचं त्यांना सांगू नकोस. त्याच्या पोटात तिने एक लहानसं यंत्र बसवलंय, तुझ्या रेडिओची पिन सरळ घुसेल, दुसरं काही लागत नाही. जेवणाच्या टेबलावर ठेव आणि बातम्या लाव. सगळ्यांनी बोंडं काढून "काय?" विचारलं की म्हण, हवामान. शिंप्याचा डबा मात्र मी कोणाला देणार नाही. पोर म्हणते, आतला कागद फाटलाय म्हणून तो गुणगुणतो, दुरुस्त करते. मी म्हटलं, हात लावून बघ.

कानटोपी तयार आहे, समुद्राची गरज उरली नाही, म्हणून तीही तुझ्या पार्सलात टाकलीय. गुंड्या कानांवर लावल्यात. तुझ्या घरी शोभेल.

उरलेली तार अजून खुंटीवर आहे. पोरीने मोजली नाही.

आणि ती कॅसेट. तू तिला जे लिहिलंस ते मला कळलंय, आता तोंड लपवू नकोस. कॅसेट मी कपाटात ठेवून दिली. पोर संध्याकाळी आत काम करत असते, आणि मध्येच तिथून विचारते, "आजी, ऐकू येतंय का?" रेडिओचं विचारते. मला सगळं नीट ऐकू येतं. पण मी उत्तर देत नाही. मग ती हातातलं टाकते, बाहेर येते, माझ्यासमोर उभी राहून पुन्हा विचारते. तेव्हा म्हणते, "येतंय गं."

हे शेवटचं लिहू नकोस असं मी तिला सांगितलं. लिहिलं. ही खोड तुझीच.

आजी